मत्स्यपेटीतल्या वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड पुरवायचा का?

पुष्कळ शाळांच्या प्रयोगशाळेत किंवा व्हरांड्यात एखादी लहानशी मत्स्यपेटी असते. पाच-दहा गप्पी मासे, दोन-तीन गोगलगाई, तळाशी वाळू आणि वाळूत रोवलेल्या पाणवनस्पती. सुरुवातीचे काही आठवडे वनस्पती तरारून येतात. पुढे वाढ खुंटते, नवी पाने बारीक निघू लागतात आणि काचेवर शेवाळ चढते. अशा वेळी दुकानात चौकशी केली, की हमखास उत्तर मिळते : "पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय. सिलिंडर बसवून घ्या."

शिक्षकांची इथे पंचाईत होते. प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड लागतो, हे आपणच वर्गात शिकवतो. मग सिलिंडरची गरज नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? पण सिलिंडर, त्याची झडप, नळ्या यांचा खर्च शाळेच्या तुटपुंज्या निधीतून करायचा म्हणजे विचार करायला हवा. शिवाय पेटीत मासेही आहेत. वनस्पतींना पोषक असलेला हा वायू प्रमाणाबाहेर गेला, तर माशांच्या जिवावर बेततो.

या ठिकाणी दोन प्रश्नांची गल्लत होते. 'वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड लागतो का?' हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर 'होय' असेच आहे. 'तो बाहेरून घालावा लागतो का?' हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर पेटीगणिक वेगळे असते आणि ते थोडा हिशेब व थोडे मोजमाप करून काढता येते. हे कसे करायचे ते आपण या लेखात पाहू.

पाण्यात हा वायू असतो किती?

पाण्यात बुडालेली पाने प्रकाशात वायूचे बुडबुडे सोडतात, हे यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर काही वर्षांतच जिनिव्हाच्या जाँ सेनेबिए यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. पाणी उकळून त्यातला विरघळलेला वायू घालवून दिला, की पाने बुडबुडे सोडत नाहीत. म्हणजे बुडबुड्यांसाठी नुसते पान, पाणी आणि प्रकाश पुरत नाहीत. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही हवा.

आज हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत ४२० भागांहून थोडे अधिक आहे. अशा हवेशी समतोल साधलेल्या २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ०.६ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ऐकताना हे फारच थोडे वाटते. पण एक लिटर हवेत तरी तो किती असतो? सुमारे पाऊण मिलिग्रॅम. म्हणजे लिटरमागे पाहिले, तर पाणी आणि हवा यांच्यात मोठा फरक नाही.

मग पाणवनस्पतींची अडचण कोणती? अडचण आहे ती वेगाची. वायूचे रेणू हवेत जितक्या लवकर पसरतात, त्याच्या जवळजवळ दहा हजार पट सावकाश ते पाण्यात पसरतात. पानाला चिकटून पाण्याचा एक पातळ, जवळपास स्थिर थर असतो. पानाने त्या थरातला कार्बन डायऑक्साइड वापरला, की बाहेरून नवा येण्यास वेळ लागतो. जमिनीवरच्या झाडाच्या पानाला जो वायू वाऱ्यासरशी मिळतो, त्यासाठी पाण्यातल्या पानाला वाट पाहावी लागते. फिल्टरमुळे पाणी हळूहळू हलते राहिले, तर हा थर पातळ होतो आणि तेवढ्यानेही वनस्पतींना मदत होते.

कार्बनचे दुसरे कोठार

पाण्यात कार्बन फक्त वायूच्या रूपात नसतो. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग बायकार्बोनेट आयनांच्या रूपात असतो आणि या दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजेच पीएचवर, अवलंबून असते. सामू ६.३५ च्या आसपास असला, तर दोन्ही निम्मे-निम्मे असतात. सामू एकाने वाढला, की बायकार्बोनेटच्या तुलनेत मुक्त वायूचे प्रमाण दहापटीने घटते. सामू ८.३५ ला शंभर भाग बायकार्बोनेटमागे मुक्त वायू फक्त एक भाग उरतो.

आपल्याकडे हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे विहिरीचे व विंधनविहिरीचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. त्यात बायकार्बोनेट भरपूर असते. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ व किंचित आम्लधर्मी असते. त्यात बायकार्बोनेट कमी. म्हणून सोलापूरच्या शाळेतील पेटीचा अनुभव रत्नागिरीच्या शाळेला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

एका पेटीचा हिशेब

आता एका लहान पेटीचा जमाखर्च मांडून पाहू. पेटीत ३० लिटर पाणी आहे असे समजा. हवेशी समतोल साधलेल्या या पाण्यात मुक्त कार्बन डायऑक्साइड ३० × ०.६ = १८ मिलिग्रॅम. त्यात कार्बन साधारण ५ मिलिग्रॅम. वनस्पतीच्या कोरड्या वजनात सुमारे ४० टक्के कार्बन असतो. म्हणजे एवढ्या कार्बनपासून १२ मिलिग्रॅम कोरडा वनस्पतिभाग तयार होईल. पाणवनस्पतींत नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त पाणीच असते, हे धरले तर ओली पाने भरतील जेमतेम आठवा भाग ग्रॅम! हे सगळे पाणी रिकामे केले, तरी हाती लागेल ते एखादे कोवळे पान.

यावरून सिलिंडर आवश्यक आहे असे वाटेल. पण जमेच्या बाजूला आणखी रकमा आहेत.

पहिली रक्कम बायकार्बोनेटची. पाण्याची अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला १०० मिलिग्रॅम असेल, तर ३० लिटर पाण्यातील बायकार्बोनेटमध्ये सुमारे ७२० मिलिग्रॅम कार्बन असतो. त्यातला साधारण निम्मा वनस्पतींना उपयोगी पडू शकतो. म्हणजे मुक्त वायूतील कार्बनच्या सत्तर पटींहून अधिक. मात्र हे कोठार सर्वच वनस्पतींना उघडता येत नाही. त्याविषयी पुढे पाहू.

दुसरी रक्कम माशांच्या खाद्याची, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रोज ०.२ ग्रॅम, म्हणजे लहानशी चिमूट, कोरडे खाद्य आपण पेटीत टाकतो असे धरू. त्यात सुमारे ८० मिलिग्रॅम कार्बन असतो. मासे ते खातात, श्वसन करतात. त्यांची विष्ठा आणि उरलेले खाद्य जिवाणू कुजवतात. यातून त्या कार्बनचा बराचसा भाग शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात येतो. तो सगळा आला असे मानले, तर रोज २९० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाण्यात मुळात असलेल्या साठ्याच्या सोळापट. त्यातला अर्धा हवेत निघून गेला, तरी उरलेल्यातून दिवसाला एक ग्रॅम ओली वनस्पती तयार होऊ शकते. महिन्याला तीस ग्रॅम! लहान पेटीला एवढी वाढ पुष्कळ झाली. याहून जास्त वाढली तर आपल्यालाच कात्री घेऊन बसावे लागते.

थोडक्यात, माशांना खाद्य घालणारा विद्यार्थी नकळत रोज वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड घालत असतो.

हे नाते तसे जुनेच आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये एका काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही वनस्पती एकत्र ठेवून दोघांचा समतोल राखता येतो हे दाखवले. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. मासे आणि गोगलगाई वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड पुरवत, तर वनस्पती त्यांना ऑक्सिजन देत. सिलिंडर नव्हताच.

सगळ्या वनस्पती सारख्या नसतात

पाणवनस्पतींचे आपल्या कामापुरते चार गट करता येतील.

पहिला गट पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींचा : लेम्ना, साल्व्हिनिया, पिस्टिया. यांची पाने हवेत असल्याने त्या हवेतलाच कार्बन डायऑक्साइड घेतात. पाण्यातल्या वायूची चिंता त्यांना नसते.

दुसरा गट बायकार्बोनेट वापरू शकणाऱ्यांचा : हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सिरॅटोफायलम. आजवर तपासलेल्या बुडीत वनस्पतींपैकी जवळपास निम्म्या जातींना ही कला साधते. हायड्रिलाच्या पानाची युक्ती पाहण्यासारखी आहे. पानाच्या खालच्या बाजूने ती आम्ल, म्हणजे हायड्रोजन आयन, बाहेर सोडते. त्यामुळे तिथल्या बायकार्बोनेटचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होते आणि पान तो शोषून घेते. वरच्या बाजूला मात्र पाणी अल्कधर्मी होते आणि जड पाण्यात तिथे कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरट, खरखरीत थर बसतो. पाने बोटांनी चोळून पाहिल्यास तो जाणवतो.

हायड्रिलाची आणखी एक खुबी आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी या वनस्पतीवर पुष्कळ काम केले. तिने सोडलेले बुडबुडे आपोआप नोंदवणारे उपकरण त्यांनी बनवले आणि ही सारी निरीक्षणे 'द फिजिऑलॉजी ऑफ फोटोसिंथेसिस' या १९२४ च्या ग्रंथात मांडली. उन्हाळ्यात मिळणारी हायड्रिला इतर दिवसांतल्या हायड्रिलाहून निराळी वागते आणि तिच्यात मॅलिक आम्ल आढळते, हे त्यांनी टिपले होते. याचा अर्थ कित्येक दशकांनी उलगडला. १९८० च्या सुमारास फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की कार्बन डायऑक्साइडचा तुटवडा झाला की हायड्रिला ऊस-मक्याप्रमाणे आधी चार कार्बन अणूंचे आम्ल बनवून वायू साठवण्याच्या मार्गाकडे वळते. तुटवड्यात टिकून राहण्याची एवढी तयारी असलेल्या वनस्पतीला सिलिंडर कशाला?

तिसरा गट सावकाश वाढणाऱ्यांचा : जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरीन आणि जावा मॉससारखी हरिता. मॉसेसना बायकार्बोनेट वापरता येत नाही. पण या गटाची एकूण मागणीच इतकी कमी असते, की माशांच्या श्वसनातून मिळणाऱ्या वायूवर त्यांचे भागते.

चौथा गट नाजूक आणि घाईचा : लाल पानांच्या रोटाला, तळावर गालिचा पसरवणाऱ्या बारीक वनस्पती. यांतल्या कित्येक जाती निसर्गात दलदलीत, अर्ध्या पाण्याबाहेर वाढतात. रोपवाटिकांतही त्या बहुधा पाण्याबाहेरच वाढवतात. पेटीत पूर्ण बुडवल्यावर त्यांची जुनी पाने गळतात आणि पाण्यात जगणारी नवी पाने काढण्यासाठी त्यांना कार्बन भरपूर लागतो. बाहेरून कार्बन डायऑक्साइड घालण्याचा खरा उपयोग होतो तो या गटाला.

इथेच खाण्याच्या सोड्याचाही उलगडा होतो. हायड्रिला, नरसाळे आणि परीक्षानळी यांच्या नेहमीच्या प्रयोगात आपण पाण्यात चिमूटभर सोडा टाकतो, कारण सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट आणि हायड्रिलाला ते वापरता येते. ताज्या द्रावणात थोडा मुक्त वायूही मिळतो. पण म्हणून रोज पेटीत सोडा टाकणे बरोबर नाही. हवेशी समतोल झाल्यावर मुक्त वायू पुन्हा ०.६ मिलिग्रॅमवरच येतो. सामू आणि सोडियम तेवढे वाढत जातात.

प्रकाश हा मागणी ठरवतो

वनस्पतीला किती कार्बन लागेल हे मुख्यतः प्रकाश ठरवतो. मंद प्रकाशात वाढ मंद आणि मागणीही कमी. पेटीवर प्रखर दिवे लावले किंवा ती खिडकीतल्या उन्हात ठेवली, की मागणी एकदम वाढते, पुरवठा मात्र तेवढाच राहतो. वनस्पती थांबतात. न वापरलेला प्रकाश आणि पाण्यातील पोषकद्रव्ये मग शेवाळाच्या उपयोगी पडतात. यातली अनेक शेवाळे बायकार्बोनेट सहज वापरतात, हे लक्षात घेतले म्हणजे काच हिरवी का होते ते कळते.

प्रकाश आणि कार्बन यांचे नाते 'एक कमी पडला की दुसऱ्याचा उपयोग शून्य' इतके ताठर मात्र नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी रिक्सिया या वनस्पतीवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की मंद प्रकाशातही कार्बन डायऑक्साइड वाढवला तर वाढ चांगलीच सुधारते. कार्बन सहज मिळू लागला, की तो पकडणाऱ्या विकरावर वनस्पतीला कमी खर्च करावा लागतो आणि वाचलेली शक्ती हरितद्रव्याकडे वळवून ती मंद प्रकाशाचाही अधिक उपयोग करून घेते. तेव्हा वायू घातल्याने वाढ होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. वाढ होते. प्रश्न आहे तो आपल्या पेटीला त्या वाढीची गरज आहे का, हा.

मोजून ठरवा

आता प्रत्यक्ष कसोटी. हिला महागडी साधने लागत नाहीत. सामू मोजण्याचे द्रवरूप दर्शक किंवा लहान विद्युत मापक पुरे. लिटमस किंवा साधा सामूदर्शक कागद मात्र चालणार नाही, कारण आपल्याला ०.२ इतका फरक ओळखायचा आहे.

पेटीतले एक लिटर पाणी पसरट भांड्यात घ्या. त्यात हवेच्या पंपाने रात्रभर हवा सोडा. भांडे उघड्या खिडकीपाशी ठेवा. विद्यार्थ्यांनी भरलेल्या बंद वर्गात हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. सकाळी या पाण्याचा सामू मोजा. हा आपला 'हवेचा सामू'. या पाण्यात लिटरला सुमारे ०.६ मिलिग्रॅम मुक्त वायू आहे हे आपल्याला माहीत आहे.

आता पेटीतल्या पाण्याचा सामू दोनदा मोजा : पहाटे किंवा दिवे लावण्याआधी, आणि दुपारी उशिरा, दिवे मालवण्याआधी. पाणी तेच असल्याने अल्कताही तीच आहे. म्हणून सामूतला फरक थेट मुक्त वायूतला फरक सांगतो. पेटीचा सामू हवेच्या सामूपेक्षा ०.३ ने कमी असेल, तर मुक्त वायू दुप्पट. १ ने कमी असेल, तर दहापट. उलट ०.३ ने जास्त असेल, तर निम्मा आणि १ ने जास्त असेल, तर एक दशांश.

उदाहरणादाखल दोन पेट्या घेऊ. दोन्हींचा हवेचा सामू ८.४ आहे असे समजा. पहिल्या पेटीत सकाळी ७.६ आणि संध्याकाळी ८.२ आढळला. सकाळी फरक ०.८, म्हणजे मुक्त वायू सुमारे सहापट, लिटरला ४ मिलिग्रॅमच्या जवळ. संध्याकाळीही तो १ मिलिग्रॅमच्या आसपास शिल्लक आहे. या पेटीतल्या वनस्पती दिवसभरात पुरवठा संपवत नाहीत. वाढ खुंटली असेलच, तर कारण दुसरीकडे शोधावे : जुन्या पानांना भोके पडत असतील तर पोटॅशियम, नवी पाने पिवळी निघत असतील तर लोह.

दुसऱ्या पेटीत सकाळी ८.३ आणि संध्याकाळी ९.१ आढळला. संध्याकाळी सामू हवेच्या सामूहून ०.७ ने जास्त. म्हणजे मुक्त वायू पाचपटीने घटून लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास आला. या पेटीत कार्बनची उपासमार खरी आहे.

पंप चालू ठेवावा की बंद, या नेहमीच्या वादाचा निकालही याच आकड्यांत आहे. पहिल्या पेटीत वायू हवेपेक्षा जास्त आहे; पृष्ठभाग खळबळवला तर तो बाहेर जाईल. दुसऱ्या पेटीत तो हवेपेक्षा कमी आहे. तिथे पाणी खळबळले तर हवेतून आत येईल. एकच पंप एका पेटीत कार्बन घालवतो आणि दुसरीत आणतो. मोजल्याशिवाय हे कळणार नाही.

वरिष्ठ वर्गांसाठी एक प्रयोग सुचवतो. एकाच पाण्याच्या दोन बंद काचपात्रांपैकी एकात हायड्रिला आणि दुसऱ्यात जावा मॉस ठेवा. दोन्ही सारख्या प्रकाशात ठेवून दर तासाला सामू नोंदवा आणि आलेख काढा. मॉसच्या पात्रातला सामू नऊच्या आसपास थबकेल. हायड्रिलाचा दहापर्यंत किंवा पुढेही जाईल. बायकार्बोनेटचे कोठार कोणाला उघडता येते, हे विद्यार्थ्यांना आलेखातच दिसेल.

मग करायचे काय?

दुसऱ्या पेटीसारखी स्थिती आढळली, तरी लगेच सिलिंडरकडे धावू नये. आधी प्रकाश कमी करावा : पेटी उन्हातून हलवावी, दिव्यांची वेळ सहा ते आठ तासांवर आणावी. नंतर पाणी सौम्यपणे हलते ठेवावे. मग वनस्पतींची निवड तपासावी. चौथ्या गटाऐवजी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटातील वनस्पती लावाव्यात. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा सामू मोजावा आणि नव्या पानांकडे पाहावे. जुनी पाने सुधारत नाहीत. सुधारणा नव्या पानांतच दिसते. माशांची संख्या किंवा खाद्य वाढवून कार्बन वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने अमोनियाही वाढतो.

एवढे करूनही चौथ्या गटातील वनस्पती वाढवायच्याच असतील आणि प्रकाशही प्रखर ठेवायचा असेल, तरच बाहेरून वायू घालण्याला अर्थ आहे. बहुतेक शालेय पेट्यांवर ही वेळ येऊ नये.

घालायचाच असेल, तर

माशांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. पाण्यातच तो जास्त असला, तर रक्तात साठतो, रक्ताची आम्लता वाढते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. म्हणून पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतानाही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. मत्स्यपालक सहसा लिटरला ३० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. आम्ही शाळेसाठी १० ते १५ मिलिग्रॅमवर थांबण्याचा सल्ला देऊ. हवेशी समतोल साधलेल्या पाण्याच्या तुलनेत ही वीसपट वाढ आहे आणि ती पुरेशी आहे.

पातळीवर नजर ठेवण्यासाठी एक सोपा दर्शक करता येतो. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०.१२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. त्यातले थोडे द्रावण लहान बाटलीत घेऊन ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब टाका. बाटली पेटीत अशी उपडी बसवा, की द्रावण आणि पेटीतले पाणी यांच्यामध्ये हवेचा थर राहील. यासाठी बाजारात मिळणारी काचेची वाकडी कुपी सोयीची पडते. वायू त्या हवेतून द्रावणात येतो. रंग निळा राहिला तर वायू कमी, स्वच्छ हिरवा झाला तर ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळा झाला तर धोका. आपल्याला निळसर हिरव्यापाशी थांबायचे आहे. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, हे ध्यानात ठेवावे.

साखर आणि यीस्ट यांपासून वायू बनवण्याची रीत स्वस्त आहे. शंभर ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर सुमारे ५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. प्रयोग म्हणून ती उत्तम. पण तिच्यावर आपला ताबा नसतो. उन्हाळ्यात आंबण्याचा वेग वाढतो आणि रात्री ती थांबत नाही. रात्री वनस्पतीही कार्बन डायऑक्साइड वापरत नाहीत, उलट सोडतात. म्हणून माशांचा सर्वांत वाईट काळ पहाटेचा असतो. ही रीत वापरलीच, तर रात्री नळी पेटीबाहेर काढून ठेवावी किंवा हवेचा पंप चालू ठेवावा. बाटली प्लॅस्टिकचीच घ्यावी. काचेची घट्ट बंद बाटली दाबाने फुटते. पेटीचे पाणी उलट बाटलीत येऊ नये म्हणून नळीत एकमार्गी झडप बसवावी.

सिलिंडरमधील द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा दाब आपल्या नेहमीच्या तापमानाला ६० वातावरणांच्या आसपास किंवा अधिक असतो. तो उन्हात ठेवू नये, उभा बांधून ठेवावा आणि विद्यार्थ्यांच्या हाती सोपवू नये. वायू दिव्यांबरोबर आपोआप बंद होईल अशी विद्युत झडप आवश्यक आहे. मात्र सुटीत शाळा बंद असताना कोण पाहणार, याचा विचार खरेदीपूर्वीच करावा. 'द्रव कार्बन' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही औषधांत ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या जातीचे रसायन असते. डोळ्यांना व त्वचेला ते अपायकारक असल्याने शाळेत ते आणूच नये.

शेवटी एक गोष्ट शिक्षकांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. 'कार्बन डायऑक्साइड घालावा का?' या एका प्रश्नात वायूंची विद्राव्यता, रासायनिक समतोल, सामू, श्वसन, प्रकाशसंश्लेषण आणि मागणी-पुरवठ्याचा हिशेब एवढे सगळे एकवटले आहे. सिलिंडर बसवून टाकला, तर प्रश्न विचारण्याआधीच मिटतो. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ सामू नोंदवून विद्यार्थ्यांनीच निर्णय घेतला, तर तो 'होय' असो वा 'नाही', त्यामागचे आकडे फळ्यावर त्यांच्या हातचे असतील. पहिली नोंद घेण्यासाठी लागते ते एक पसरट भांडे, हवेचा पंप आणि सामूदर्शकाची एक कुपी.